२ फुटी टँकमध्ये खरी झाडं लावायचीयत, पाणी टँकरचं. कुठून सुरू करू?

काचेतलं_तळं (वाघोली, पुणे)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आता विचारतेच. आमच्याकडे २ बाय १ बाय १ चा टँक आहे, टॉप फिल्टर, निळे खडे, प्लास्टिकची झाडं आणि तो बुडबुडे सोडत उघडझाप करणारा शिंपला, म्हणजे अगदी डेंटिस्टच्या वेटिंग रूममध्ये असतो तस्सा. सात-आठ गप्पी आणि दोन गोल्डफिश. वर्ष होऊन गेलं, मासे मजेत आहेत, पण मला आता ते प्लास्टिक बघवत नाही.

तर दुकानात गेले, त्यांनी तीन प्रकारची झाडं दिली. एक जावा फर्न, एक गवतासारखं लांब पात्यांचं (व्हॅलिस्नेरिया म्हणाले) आणि एक मस्त जांभळट लाल पानांचं, त्याचं नाव त्यांनाही सांगता आलं नाही. खड्यात चांगली खोल खोचा म्हणाले, खोचली. आता जावा फर्नची पानं काळी पडून आरपार दिसायला लागलीयत, गवताची पाती जेलीसारखी होऊन फिल्टरमध्ये अडकतायत, आणि लाल बाई तर सरळ कुजल्या, वास यायला लागला तशी काढून टाकली. परत दुकानात विचारलं तर मॅडम सीओटू (झाडांसाठी पाण्यात सोडायचा कार्बन डायऑक्साइड गॅस) लागतो, स्पेशल माती लागते, आरजीबी लाईट लागते, आणि सगळं मिळून साडेअकरा हजारांचं कोटेशन हातात. एवढ्यात माझी अख्खी बाल्कनी नवी होईल.

पाणी आमच्या सोसायटीत टँकरचं नाहीतर बोअरचं, टीडीएस मीटर ६५० ते ८०० च्या मधे काहीतरी दाखवतो, नळांवर पांढरे थर. या पाण्यात झाडं जगतात का? की आरओचं घालू? माती घालावीच लागते का? लाईट म्हणजे टँकसोबत आलेली निळी-पांढरी पट्टी आहे, ती पुरेल, का टँक खिडकीशी सरकवू, सकाळचं छान ऊन येतं तिथे? आणि मुख्य म्हणजे उरलेली दोन झाडं मेलीत का अजून धुगधुगी आहे, ठेवू का फेकू?


शेवाळराव (डोंबिवली)

फेकू नका!! आधी ते बाहेर काढून बघा.

ही झाडं नर्सरीत बहुतेक वेळा पाण्याखाली वाढवतच नाहीत, मुळं ओल्यात आणि पानं दमट हवेत अशी वाढवतात, कारण तशी पटापट वाढतात आणि शेवाळ धरत नाही. जावा फर्न, अनुबियास, क्रिप्टोकोरिन, रोटाला, सगळ्यांचं तेच. हवेतलं पान वेगळं असतं, पाण्यात बुडवलं की झाड ते पान सोडून देतं आणि पाण्यात चालणारं नवीन पान काढतं, त्यामुळे पहिले काही आठवडे टँक भयाण दिसतोच. बरेच लोक नेमके याच टप्प्यावर सगळं उपसून टाकतात आणि आपल्याला जमत नाही असं ठरवून मोकळे होतात. व्हॅलिस्नेरियाची गोष्ट थोडी वेगळी, ती पाण्यातच वाढलेली असते पण तिला पाणी बदललेलं सोसत नाही, दुकानाचं पाणी आणि तुमचं टँकरचं यात बराच फरक असणार.

पण जावा फर्नचा प्रॉब्लेम वेगळा आहे, तो खोचल्यामुळे झालाय. त्याला जे आडवं जाड खोड असतं ना, आल्याच्या कुडीसारखं, ज्यातून वर पानं आणि खाली तपकिरी केसांसारखी मुळं येतात, ते गाडलं की कुजतं. उपटून घ्या, खोड नखाने दाबून बघा, कडक आणि आतून हिरवट असेल तर झाड जिवंत आहे, पानं सगळी गेली तरी चालेल. मऊ लागलेला भाग ब्लेडने कापून टाका. उरलेलं एखाद्या दगडाला नाहीतर लाकडाला काळ्या शिवणाच्या दोऱ्याने बांधा, किंवा फेविक्विकचा एक थेंब लावून चिकटवा, सुकल्यावर माशांना त्याचा काही त्रास नसतो. काही महिन्यांनी ते स्वतःच दगडाला धरतं. जुन्या पानांच्या मागे काळे ठिपके रांगेत दिसले तर घाबरू नका, आणि त्यातून बारकी पिल्लं फुटली तर तीही सोडवून लावा.

व्हॅलिस्नेरियाची जेली झालेली पाती मुळाशी कापा. फक्त मुळं खड्यात, आणि जिथून पाती फुटतात तो पांढुरका गड्डा खड्याच्या वर दिसला पाहिजे. मधूनच एखादं बोटभर हिरवं पातं येताना दिसलं की समजा जमलं.

लाल बाई बहुतेक हेमिग्राफिस असणार, ती मुळात कुंडीतली आहे. पाण्यात काही आठवडे तग धरते आणि मग कुजते, तुमचा काही दोष नाही. लकी बांबू, ड्रसेना, अग्लोनेमा, ही सगळी मंडळी ॲक्वेरियमची झाडं म्हणून विकली जातात. साधी ओळख सांगतो, झाड पाण्याबाहेर काढल्यावर ताठ उभं राहत असेल आणि पान जाड, मेणचट असेल तर आधी नाव विचारा आणि मोबाईलवर शोधून बघा मगच पैसे द्या. (अनुबियासही ताठ असतं, तो अपवाद. पण त्याचं नाव दुकानदाराला माहीत असतंच कारण ते महाग असतं.)

आता गोल्डफिश. वाईट वाटेल पण गोल्डफिश आणि मऊ पानांची झाडं हे जमत नाही, ते उकरतात आणि खातात, आणि तसेही दोन गोल्डफिशना ५० लिटर कमीच आहे. कोणाकडे मोठा टँक असेल तर त्यांना द्या. द्यायचे नसतील तर जावा फर्न आणि अनुबियास या दोनच गोष्टी ठेवा, त्या त्यांना फारशा आवडत नाहीत. गप्पी बेस्ट, ते दिवसभर शेवाळ टोचत बसतात.

लाईटचं. ती निळी पट्टी शोभेची आहे. इलेक्ट्रिकच्या दुकानातून २ फुटी १० वॅटची एलईडी बॅटन आणा, डब्यावर ६५०० के (म्हणजे पांढरा उजेड) लिहिलेलं असतं, साधारण १००० लुमेन देते, या झाडांना सुरुवातीला तेवढी पुरते. रोज ६ तास, जास्त नाही. टायमर लावा, आपण विसरतो. खिडकीत अजिबात ठेवू नका!! उन्हात ठेवलेल्या नव्या टँकचं पाणी हिरवं होतं, अगदी पालकाच्या सूपसारखं, आणि मग ते निस्तरता निस्तरता जीव जातो.


निवांत_स्केपर (ठाणे)

सगळं बरोबर आहे पण सीओटूला उगाच नावं ठेवली जातात म्हणून लिहितोय. तुम्ही इंटरनेटवर जे फोटो बघता ना, खाली हिरवागार गालिचा, मागे लाल रोटाला, ते जपानच्या ताकाशी अमानोंनी रूढ केलेल्या स्टाईलचे टँक असतात आणि ते सीओटूशिवाय होत नाहीत. साध्या टँकमध्ये २-३ पीपीएम (म्हणजे लिटरमागे २-३ मिलिग्रॅम) सीओटू असतो, त्या टँकमध्ये ३० च्या आसपास ठेवतात. तसं हवं असेल तर दुकानदाराचं कोटेशन खोटं नाही, उलट स्वस्तच आहे म्हणेन.

पण तुम्हाला ते आत्ता हवंय का? लाईट, सीओटू आणि खत हे तिघं एकमेकांना धरून चालतात, लाईट वाढवली की झाडाला बाकी दोन्ही जास्त लागतात, आणि ते मिळालं नाही की शिल्लक लाईट शेवाळ खातं. त्यामुळे सीओटू नाही आणि लाईट मात्र जोरदार, हे कॉम्बिनेशन सगळ्यात वाईट. आरजीबी लाईट तर आत्ता बिलकुल घेऊ नका. शेवाळराव म्हणतात तशी १० वॅटची बॅटनच लावा. यीस्ट-साखरेच्या बाटलीचे व्हिडिओ बघून तेही करू नका, त्यातला सीओटू आज जास्त, परवा कमी असा येतो आणि त्या चढउतारानेच काळं केसाळ शेवाळ येतं.


काचेतलं_तळं

शेवाळराव, खूप धन्यवाद! आत्ता रात्री साडेअकराला टँकमध्ये हात घालून बसलेय. जावा फर्नच्या खोडाचा अर्धा भाग कडक आहे, अर्धा गेलेला, कापून दगडाला बांधला. गवतात खरंच मधे एक छोटं पातं आहे!!! गोल्डफिशसाठी नणंदेशी बोलले, त्यांच्या बंगल्यात सिमेंटचा हौद आहे, त्या खूश.

पाण्याचं कोणी सांगेल का? आणि मातीचं. आमच्या सासूबाई म्हणतात घरात माती घातलेलं पाणी म्हणजे डास.


शेवाळराव (डोंबिवली)

सासूबाईंना सांगा गप्पी असताना डासाची अळी टिकत नाही, महापालिकेचे लोक विहिरीत आणि हौदात गप्पीच सोडतात त्यासाठी.

पाण्याची काळजी नको. आपला दख्खन म्हणजे सगळा काळा बसाल्ट, त्यातून येणारं बोअरचं पाणी जड असतं, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट भरपूर. व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला आणि तत्सम झाडं तर ते बायकार्बोनेटच कार्बन म्हणून वापरतात, म्हणजे तुमच्या पाण्यात त्यांना सीओटूची अर्धी सोय फुकट झाली. गप्पीनाही जड पाणीच मानवतं. त्रास होतो तो मॉस (दगडाला मखमलीसारखं धरणारं बारीक झाड) आणि नाजूक लाल झाडांना, ती घेऊच नका. आमच्याकडे डोंबिवलीत पाणी मऊ आहे तर माझी व्हॅलिस्नेरिया रखडते आणि मॉस बोकाळतो, प्रत्येकाच्या नळाला जे येतं त्याप्रमाणे झाडं निवडावीत, उलटं करायला गेलं की खर्च सुरू.

आरओचं पाणी भरू नका, आणि आरओमधून बाहेर टाकलं जाणारं तर नकोच नको, त्यात सगळे क्षार एकवटलेले असतात. फक्त एक ठिकाणी आरओ कामाचं. टँकचं पाणी उडून जातं तेव्हा क्षार मागेच राहतात, वरून परत बोअरचं घातलं की ते वाढत जातात. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं शुद्ध पाणी, आणि दर आठवड्याला पाव टँक बदलताना नेहमीचं पाणी, असं करा. टँकरवाल्यांनी क्लोरीन मारलेला असला तर बादली २४ तास उघडी ठेवा किंवा अँटीक्लोरीनचे थेंब टाका. दुकानात जे पांढरे खडे हायपो म्हणून मिळतात तेच ते, सोडियम थायोसल्फेट.

निळे खडे बदलायचे असतील तर बांधकामाच्या वाळूतून चाळून १ ते ३ मिमीचा भाग घ्या आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा, हात भरून येतात पण पर्याय नाही. पांढरे चकचकीत मार्बल चिप्स आणि शंख-शिंपले घेऊ नका, पाणी अजून जड होतं. शंका असेल तर बाथरूमच्या ऍसिडचा एक थेंब खड्यावर टाकून बघा (हातमोजे घालून, मूल जवळ नको), फेस आला तर त्यात चुना आहे. खडे काढताना फिल्टरचा स्पंज मात्र तसाच राहू द्या, नळाखाली धुवायचा नाही. माशांच्या घाणीतला अमोनिया नायट्राइट आणि नायट्रेटमध्ये बदलणारे बॅक्टेरिया त्यातच बसलेले असतात. नवीन टँकमध्ये ते जमायला महिना-दीड महिना जातो, तुमच्याकडे वर्षाचे तयार आहेत, ते घालवू नका.

आणि झाडं दोन काड्या दोन काड्या करून आणू नका. पहिल्याच दिवशी जमिनीचा अर्ध्याहून जास्त भाग भरेल एवढी लावा, भले सगळी स्वस्तातली असोत. मोकळ्या टँकमध्ये शेवाळाला कोणी स्पर्धकच नसतो. हॉर्नवर्टचा एक जुडगा आणि वॉटर स्प्राइट टाका, ती वाढतात म्हणजे वेड्यासारखी वाढतात, नंतर बाकीची स्थिरावली की काढून टाका.


कुडाळचा_वहाळ (सिंधुदुर्ग)

मातीवर माझं थोडं वेगळं मत आहे. नुसत्या वाळूत जावा फर्न, अनुबियास, हॉर्नवर्ट ही होतात कारण त्यांना मुळाशी काही लागतच नाही. पण क्रिप्टोकोरिन, अमेझॉन स्वॉर्ड, आणि व्हॅलिस्नेरियासुद्धा मुळातून खातात, ती वाळूत नुसती जगतात. माझे सगळे टँक मातीवर आहेत, वॉल्स्टॅड पद्धत म्हणतात तसे, खाली इंचभर माती आणि वर दीड इंच वाळू, खत नाही, सीओटू नाही, पाणीही क्वचित बदलतो. आमच्याकडे जांभ्याची लाल माती दारात आहे, लोहाने भरलेली, मी तीच चाळून वापरतो, अर्धी ती आणि अर्धी साधी बागेतली. शेणखत, गांडूळखत, निंबोळी पेंड घातलेली कुंडीची माती मात्र चुकूनही नाही, पाण्यात सडते आणि अमोनिया सुटतो. देशावरची काळी मातीही नको, ती पाण्यात फुगते, जरा झाड उपटलं की सगळा टँक गढूळ.

माती घातली तर पहिले दोन-तीन आठवडे पाण्याला चहासारखा रंग येईल, आठवड्यातून दोनदा पाणी बदलावं लागेल, आणि मासे त्या काळात दुसरीकडे ठेवावे लागतील. हे झेपणार असेल तरच करा. नाहीतर वाळूत मुळाशी खताच्या गोळ्या खोचल्या तरी पहिल्या टँकला बास होतं.

अजून एक, न विचारता सांगतोय. आमच्या वहाळांत क्रिप्टोकोरिन स्पायरालिस, लॅजेनँड्रा अशी झाडं आपोआप असतात, आणि हल्ली शनिवार-रविवारी लोक येऊन पिशव्या भरून उपटून नेतात. कृपा करून करू नका. काही झाडं तर सह्याद्रीशिवाय जगात कुठेच नाहीत, कासच्या पठारावरचा वायतुरा, म्हणजे अपोनोजेटॉन सॅटॅरेन्सिस, तसाच. तो उचलून पुण्याच्या टँकमध्ये आणला तर दोन महिन्यांत संपणार आणि पठारावर एक कमी होणार. नर्सरीत दुसरे अपोनोजेटॉनचे कंद मिळतात, ते आणा, छान लहरदार पानं येतात. तसंच टँकमधली जास्त झालेली झाडं ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नका, वाळवून कुंडीत घाला. जलपर्णीने नद्यांचं काय केलंय ते पुणेकरांना मी सांगायला नको.


द्राक्षबाग_तासगाव

ताई, खताच्या बाटल्या विकत घेऊ नका, त्यातलं निम्मं सामान आम्ही बागंला पोत्यानं सोडतो. कुठल्याबी कृषी सेवा केंद्रात जावा. १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, ०:५२:३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट आणि ०:०:५० म्हणजे पोटॅशियम सल्फेट. एक किलोची पुडी घेतली तर तुमचा नातू बी संपवणार नाही.

पण हात आखडता ठेवा. तुमच्याकडं मासं आहेत, नायट्रेट आणि फॉस्फेट त्यांच्या खाण्यातनं बऱ्यापैकी येतंय, कमी पडतंय ते पोटॅश. जुन्या पानाला टाचणीनं भोकं पाडल्यासारखी भोकं पडायला लागली आणि कडा पिवळ्या झाल्या की समजायचं. ५० लिटरला १ ग्रॅम ०:०:५० टाकलं तर पोटॅशियम ९ पीपीएमच्या आसपास वाढतं, आठवड्याला तेवढं लय झालं. १३:०:४५ चं १ ग्रॅम तेवढ्याच पाण्यात टाकलं तर नायट्रेट १२ पीपीएमच्या जवळ वाढतं, म्हणून ते निम्मंच टाका, आणि तेबी सगळीच पानं फिकट पडली तर. सोनाराचा नाहीतर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा लागंल, चमच्यानं अंदाज करू नका.

नवीन पान पिवळं आणि शिरा हिरव्या, असं दिसलं तर लोह. इथं तुमचं जड पाणी आडवं येतंय. साधं ईडीटीए लोह (ईडीटीए म्हणजे लोहाला धरून पाण्यात विरघळलेलं ठेवणारं रसायन) जास्त पीएचला टिकत नाही, चुनखडीच्या जमिनीत आमच्या वेलींचं तेच हुतं, तिथं आम्ही ईडीडीएचए वालं लोह सोडतो. तेच चिमूटभर चालतंय, फक्त पाणी गुलाबी लाल हुईल, घाबरू नका.

काय टाकायचं नाही ते नीट वाचा. युरिया, डीएपी आणि १९:१९:१९. त्यात अमोनियाचं नाहीतर युरियाचं नत्र असतंय आणि तुमच्यासारख्या चढ्या पीएचच्या पाण्यात अमोनिया लय विषारी, रात्रीत मासं पालथं पडतील. मिक्स मायक्रोन्युट्रिअंट घेतलं तर त्यात तांबं असतंय, उद्या झिंगे पाळायची हौस आली तर तांबं त्यांना चालत नाही. आणि ज्या बादलीत फवारणीचं औषध कालवलंय ती बादली टँकच्या जवळ सुदीक नेऊ नका.


निवांत_स्केपर (ठाणे)

तासगावकर, हे पिन करून ठेवा राव. मी इतकी वर्षं बाटलीला सातशे रुपये मोजतोय.


संत्रानगरी (नागपूर)

सगळे लाईट अन् खतावर बोलून राहिले, उन्हाळ्याचं कोणीच नाही बोललं. पुण्यात तेवढं नसंल, पण वाघोलीतही एप्रिल-मेमधी घर तापतेच ना. आमच्या इकडे मेमधी बाहेर ४५ अन् टँकचं पाणी ३३-३४ होते. एवढ्या गरम पाण्यात ऑक्सिजनच कमी मावते, २० डिग्रीला लिटरमागे ९ मिलिग्रॅम अन् ३३ ला ७ च्या आसपास. त्यात झाडं रात्री ऑक्सिजन सोडत नाहीत, उलट घेतात. म्हणून सकाळी सकाळी मासे वरती तोंड काढून दिसतात. रात्री एअर पंप चालू ठेवा, सीओटू नाही लावला तर बुडबुड्यांनी झाडांचं काहीच बिघडत नाही.

काचेचं झाकण काढा अन् एक छोटा टेबल फॅन नाहीतर कॉम्प्युटरचा जुना फॅन पाण्यावर तिरपा मारा, २-३ डिग्री सहज उतरते. आमच्या कोरड्या हवेत तर अजून छान. पण एक गोष्ट लोकांच्या लक्षात नाही येत, खोलीत डेझर्ट कूलर चालू असला तर हवा दमट होते अन् मग फॅनचा उपयोग अर्धा होते. खिडकी उघडी ठेवा. बर्फाच्या बाटल्या टाकू नका, पाणी एकदम खाली अन् एकदम वर जाते, त्यानंच मासे आजारी पडतात. लाईट दुपारी नाही, संध्याकाळी ५ ते ११ ठेवा, तसंही तुम्ही घरी असता तेव्हाच टँक पाहणार.

अन् टायमर डिजिटल घ्या, बॅटरी बॅकअपवाला. तो चाकावाला स्वस्तातला घेतला अन् लाईट गेली की तो तिथंच थांबते, दोन-चार वेळा लाईट गेली की तुमची संध्याकाळ रात्री दोनला सुरू.


काचेतलं_तळं

हे सगळं वाचून मी वहीत लिहून काढलंय, खरंच. मातीचं पुढच्या टँकला बघू, आत्ता वाळू आणि मुळाशी गोळ्या. रविवारी नर्सरीतून भरपूर झाडं आणली. हॉर्नवर्ट, वॉटर स्प्राइट, दोन प्रकारची क्रिप्टोकोरिन, एक अनुबियास, आणि व्हॅलिस्नेरियाची अख्खी जुडी. वाळू धुताना बाथरूमची वाट लागली, घरच्यांनी दोन तास बोलणं टाकलं होतं.

पण धुताना हॉर्नवर्टमधून एक लांबुडकी, सहा पायांची, करड्या रंगाची अळी निघाली, भयंकर दिसते, आणि क्रिप्टोच्या पानाखाली पारदर्शक जेलीचे थेंब आहेत. हे काय? आणि क्रिप्टोची पानं दुसऱ्याच दिवशी विरघळायला लागली, आता मात्र मी घाबरलेली नाहीये हां.


शेवाळराव (डोंबिवली)

अळी बहुतेक चतुराची आहे, बाहेर उघड्या टाकीत वाढवलेल्या झाडांबरोबर येते. ती गप्पीची पिल्लं खाते, मोठी झाली तर गप्पी पण सोडत नाही, बाहेरच ठेवा. जेली म्हणजे गोगलगायींची अंडी. बोटाने पुसून काढा. एवढं करून थोड्या गोगलगायी येणारच, येऊ द्या, त्या मेलेली पानं खातात, फक्त माशांना जास्त खायला घातलं की त्यांची संख्या भरमसाठ होते. पुढच्या वेळी नवीन झाडं तुरटीच्या पाण्यात दोन-तीन तास ठेवा, किंवा पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटं, आणि मग खळखळून धुवा. हॉर्नवर्ट आणि मॉस परमँगनेटमध्ये फार वेळ ठेवू नका, जळतात.

क्रिप्टोकोरिन विरघळणं तर ठरलेलंच असतं, जागा बदलली की ती रुसते. मुळं अजिबात हलवू नका, दिसत नाही म्हणून उकरून बघू नका. वरून सगळं गेलेलं दिसलं तरी मुळं आत जिवंत असतात आणि महिनाभरात नवीन पानं येतात. एकदा बसली की मग वर्षानुवर्षं तिथेच. काचेवर आणि पानांवर तपकिरी पावडरसारखं काही दिसायला लागेल, ते नव्या टँकचं डायटम (एक तपकिरी शेवाळ), बोटाने पुसलं की जातं आणि पुढे आपोआप कमी होतं. त्याच्यावर काही औषध टाकू नका.


काचेतलं_तळं

शेवटचं विचारते. गणपतीत आम्ही आठ-नऊ दिवस गावाला असतो. आत्तापर्यंत शेजारच्या काकूंना डबा देऊन जायचे, त्या जरा सढळ हाताने खायला घालतात. आता झाडांचं काय करू?


संत्रानगरी (नागपूर)

काकूंना डबा देऊच नका. मोठे गप्पी आठवडाभर खाण्याशिवाय मस्त राहतात, अन् आता तर झाडांवरचं शेवाळ आहेच टोचायला. टायमर ५ तासांवर आणा, जायच्या दोन दिवस आधी पाणी बदला, टँक काठोकाठ भरा. खत त्या आठवड्यात नाही.


शेवाळराव (डोंबिवली)

+१. आणि टॉप फिल्टरचा स्पंज जायच्या आदल्या दिवशी टँकच्याच पाण्यात पिळून ठेवा, विरघळलेल्या पानांनी तो चोंदला तर पाणी वरून ओसंडून बाहेर येतं. काकूंना फक्त एवढंच सांगा की फिल्टरच्या पाण्याचा आवाज येतोय का ते रोज एकदा कान देऊन ऐका, नसेल येत तर फोन करा.